शेपूट डावीकडे

३ नोव्हेंबर, दरेकसा

लिहायचं टाळायला आज अकरा दिवस झाले. मोबाइलवरच्या व्हिडिओतला टोपीवाला माणूस पहिल्याच मिनिटाला सांगतो की धनुष्याला हात लावायच्या आधी वही घ्या, एका वेळी एकच बदल करा आणि तो लगेच लिहा. वही होती. एका राइस मिलची फुकटची डायरी, गेल्या वर्षाची. छापलेले वार खोटे, तारखा चालतात. पहिले तीन दिवस पेन नव्हता. बाकीच्या दिवसांना कारणही नाही. अंगात थकवा भरला आहे. काही न करता माणूस एवढा कसा थकतो, कोण जाणे.

तर आता लिहितोच. मी भुपेंद्र, गाव सौंदड. बापाचं, मुन्नालालचं, सायकल दुरुस्तीचं दुकान. आयटीआय दीड वर्ष केलं, सोडलं. मग नागपूर, सुरत, हैदराबाद. हैदराबादच्या गोदामात रोशन भेटला, दरेकशाचा गोंड पोरगा. एकाच खोलीत राहायचो. त्याच्या खाटेवर भिंतीला टॉवेलात गुंडाळलेले तीन बाण टांगलेले होते. काय आहे विचारलं तर म्हणाला, "माहा मूर्खपणा होय तो. हात नको लावू."

मी ते काम सोडलं तेव्हा घरी जायचं मन नव्हतं. रोशन म्हणाला, "माह्या घरी जाय. माय जेवाले घालन. मी काही त्या गावात आता पाय ठेवत नाई."

असा आलो. चार दिवस राहून पुढं सटकायचं होतं. पण रोशनच्या बहिणीनं, खुशबूनं, खोलीतून कम्पाउंड धनुष्य काढून माझ्यासमोर धरलं. दोन टोकांना चाकं, दोरीचे तीन पदर, एखाद्या मशीनसारखं. शाळेच्या दुर्गाप्रसाद सरांनी कधीतरी रोशनसाठी मिळवलेलं. रोशन गेला, आता ती मारते. तक्रार एकच. बाण सरळ जात नाही, मासोळीसारखा शेपूट हलवत जातो. पन्नास मीटरवर एक पाट्याच्या मधल्या पिवळ्यात लागतो, दुसरा गवतात शोधावा लागतो.

मी नागपूरला खेळाच्या सामानाच्या दुकानात सात महिने होतो, तिथं असली धनुष्यं रोज पाहायचो, असं मी बोलून गेलो. झाडू मारताना पाहायचो, एवढं मात्र बोललो नाही. म्हणून आता मी मिस्त्री.

बावीस तारखेला गोंदियाला तिरंदाजीची निवड आहे. झाली तर निवासी केंद्रात राहणं, खाणं, शिकणं, नेमाचा सराव. नाही झाली तर तिच्या वयाचा गट यंदा संपला. मग तिची आई, रुख्माबाई काकी, तिला मामाकडे राजनांदगावला पाठवणार, अगरबत्तीच्या कामावर. ठरलेलं आहे. त्यावर घरात भांडणही होत नाही, हेच मला जड जातं.

५ नोव्हेंबर

कागदाची परीक्षा केली. जुन्या खिडकीच्या चौकटीला पेपर ताणून बांधायचा, दोन पावलांवरून त्यातून बाण मारायचा. बाण सरळ गेला तर एक गोल भोक आणि त्याला पंखांच्या तीन चिरा. वाकडा गेला तर कागद फाटतो, आणि शेपूट कुठं वळली ते दिसतं.

शेपूट डावीकडे, दोन बोटं फाटलं.

बाण ज्यावर टेकतो तो तुकडा, रेस्ट म्हणतात त्याला, केसभर उजवीकडे सरकवला. परत मारलं. भोक जवळजवळ गोल. मी लई खूश. खुशबू खूश नाही. म्हणाली, "उद्या परत पाहू, भाऊ. उद्या बदलते ते."

आजची पोरगी, म्हातारीसारखं बोलते.

६ नोव्हेंबर

बदललं. शेपूट आज वर. कागद उभा फाटला. रेस्ट वर घेतला. मग शेपूट उजवीकडे. रेस्ट परत डावीकडे. तिचा खांदा भरून आला, माझं डोकं. लिहायला तीन बदल आहेत, पण कोणता कधी केला ते आता आठवत नाही.

८ नोव्हेंबर

काही नाही. घरची सगळी माणसं धान कापायला. मी ओसरीवर पडून होतो.

९ नोव्हेंबर

आज हाजरा धबधब्याला गेलो. जायचं नव्हतं. दुकानातून पेपरची रद्दी आणायला निघालो, वाटेत गोंदियाची दोन पोरं गाडीवर भेटली, "चल ना यार, घंटेभर में आ जाएंगे" म्हणाली. पाणी आता कमी आहे. बसून राहिलो. आलो तर संध्याकाळ. खुशबू दिवसभर कापणी करून, हात धुऊन, धनुष्य घेऊन अंगणात उभी.

"रद्दी कोठी हाये?"

मी हात झटकले.

"तुमी बी रोशनदादासारखेच. हात रिकामे न तोंड भरलेलं."

काकींनी आतून आवाज दिला, "पाहुना होय तो, खुशबू, असं बोलाचं नसते." खुशबू म्हणाली, "पंधरा दिवसांचा पाहुना कोन पाह्यला, माय?"

बरोबरच आहे. सोमवारी निघतो.

११ नोव्हेंबर

सोमवार गेला. निघालो नाही.

आज चाकं तपासली. दोरी पूर्ण ओढली की दोन्ही चाकं एकाच क्षणी थांबायला हवीत, नाहीतर बाणाला वरून किंवा खालून धक्का बसतो. खुशबू ओढून उभी, मी बाजूला वाकून पाहतोय. फरक केसाचा. तेवढा चालतो, टोपीवालाच म्हणतो.

मग झामसिंग आबाजी येऊन बसले, रोशन-खुशबूचे आजोबा. ऐंशीच्या वर असतील. तरुणपणी बांबूचं धनुष्य घेऊन जंगलात हिंडलेले. आता जंगल खात्याचं राज्य, धनुष्य भिंतीला. संध्याकाळी खुशबूचं मारणं झालं की ते एकेक बाण मागून घेतात, धोतरानं पुसतात, मोजतात. नऊ. मग कपड्यात बांधून आत नेतात. त्या घरात त्या बाणांची एवढी काळजी दुसरं कोणी घेत नाही. मी तर नाहीच.

त्यांनी जुन्या बाणांच्या गोष्टी सुरू केल्या आणि माझं काम तिथंच राहिलं. बांबू कोणत्या महिन्यात तोडायचा, मोराचं पीस कसं बांधायचं. "बान हिवात ठेवला का वाकला," म्हणाले. "त्याले धूर पायजे. माह्या बापाचे बान अजून चुलीवर हायेत. धुरातल्या बानाले ना कीड लागे, ना बाक येये."

ऐकून बरं वाटलं. असं बोलणारी माणसं आता कुठं राहिली. या घराला सगळीकडे धुराचा वास आहे. गोधडीला, माझ्या शर्टाला, बाणांनासुद्धा. मला आवडायला लागला आहे तो.

पण कागद आज परत डावीकडे फाटला.

१३ नोव्हेंबर

आज वाईट झालं. लिहायचं नव्हतं.

धनुष्यात काही सापडत नाही म्हटल्यावर मी ठरवलं की दोष तिच्या हातात आहे. व्हिडिओत तसंही एक कारण होतं. मूठ आवळली की धनुष्य वळतं आणि बाण शेपूट फेकतो. मी म्हणालो, "तुझी पकडच चुकीची आहे. मूठ सैल ठेव." तिनं ठेवली. उलट जास्त फाटलं. मी परत म्हणालो, तुझंच चुकतं, तू घाबरतेस.

तिनं धनुष्य खाली ठेवलं. रडली नाही. म्हणाली, "दादाले बी असंच सांगतलं होतं सगळ्यानी. तुह्याच हातात काही नाई म्हनून. निवडीत त्याचे दोन बान निशान्याच्या पाट्यालेच लागले नाई, लोक हासले. तवापासून त्यानं धनुष्य नाई उचललं. पंधरा दिवसानं हैदराबादले गेला. मले बी हासाचंच असन तर आताच हासून घ्या, भाऊ."

आबाजी खाटेवर बसून ऐकत होते. उठले, मैदानात गेले, गवतातून बाण हुडकून आणले, पुसले आणि आत घेऊन गेले.

हैदराबादला रोशन कधी कधी झोपेत हाताची मूठ करायचा. मला वाटायचं स्वप्नात भांडतो कोणाशी.

१५ नोव्हेंबर

पिशवी भरली होती. पहाटे कोणाला न सांगता स्टेशनवर गेलो. सात दिवस उरले होते आणि माझ्याकडून काही होणार नव्हतं, हे मला कळलं होतं. निदान तोंड तरी दाखवावं लागू नये.

गाडी उशिरा होती. स्टेशनबाहेर केवलराम दूधवाला सायकल उलटी करून शिव्या देत बसलेला. मागचं चाक डुलत होतं. मला राहवेना. म्हटलं, काका, सरका. बापाचं काम डोळ्यांपुढे आलं. चाक फिरवायचं, रिमजवळ अंगठ्याचं नख धरायचं. नख जिथं घासलं तिथं चाक बाहेर आलेलं. ती तार सैल, समोरची घट्ट. परत फिरवायचं. बाप बोलायचा, "डोळा खोटं बोलते, नख नाई बोलत." दहा मिनिटांत चाक सरळ.

केवलराम म्हणाला, "कोनाचा बे तू? हात तर मिस्त्रीचा हाये."

तेवढ्यात गाडी आली. मी चाक फिरताना पाहत राहिलो होतो, आणि डोक्यात एकच होतं: तीन आठवडे मी धनुष्य तपासतोय, बाण एकदाही फिरवून पाहिला नाही. रोज हाताला येईल तो बाण घेऊन कागदावर मारला. म्हणून रोज वेगळं फाटत होतं. टोपीवाल्याचा तो व्हिडिओ बावीस मिनिटांचा आहे. मी कधीच नऊ मिनिटांच्या पुढे गेलो नव्हतो. प्लॅटफॉर्मवर बसून पूर्ण पाहिला. सोळाव्या मिनिटाला तो म्हणतो की बाणांना नंबर द्या.

गाडी कधीच निघून गेली होती. मी परत आलो. पिशवी कोणी पाहिली नाही, असं मला वाटलं. काकींनी चहा देताना फक्त एवढं विचारलं, "गाडी चुकली का?"

१६ नोव्हेंबर

सकाळी खुशबू आणि आबाजी धानाच्या बांधीत, शेतावर गेलेले. मी काकींना बाण मागितले. चुलीच्या खोलीत त्यांचे देव आहेत, परक्यानं आत जायचं नाही, म्हणून मी कधी तो उंबरा ओलांडला नाही. काकींनी आतून बाण आणून माझ्या हातात दिले.

बाण गरम होते.

उन्हातले नव्हे. भाकरी काढल्यावर तवा असतो, त्याच्या थोडं कमी. मी म्हणालो, "काकी, हे गरम काऊन?"

"आजा ठेवते ना चुलीवरच्या जाळीत," काकी म्हणाल्या. "रोज रातभर. आपल्या बापाच्या बानाच्या बाजूले. धूर लागला पायजे म्हनते."

मी ओसरीवर बसलो.

मग फळीवर चार खिळे ठोकले, दोन-दोन कैचीसारखे तिरपे, त्यांवर बाण आडवा ठेवून फिरवला आणि टोकाजवळ नख धरलं. टोक डुलत होतं. टोक नळीत गोंदानं बसवलेलं असतं, तो गोंद उष्णतेनं मऊ होतो, थंड झाला की वाकडाच बसतो. रोज थोडा अजून वाकडा. मागचे प्लास्टिकचे पंख तर उघड वळलेले, मी ते इतके दिवस पाहत होतो आणि मला वाटत होतं ते तसेच असतात. नऊच्या नऊ, कोणी कमी, कोणी जास्त. बांबूचा बाण धुरात सुधारतो. हे कार्बनचे होते.

१७ नोव्हेंबर

आबाजींना कसं सांगायचं यात सकाळ गेली. शेवटी म्हणालो, "आबाजी, हे बाण आता पिकले. यांना आता हिव पायजे. रात्री ओसरीवर ठेवू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पिकले?"

"हो जी."

"बान पिकते हे पह्यल्यांदा आयकून राह्यलो." पण दिले. रात्री स्वतःची घोंगडी आणून बाणांवर टाकत होते, मग काय वाटलं, काढून घेतली.

दिवसभर अंगणात पाणी तापवलं. पंख गरम पाण्यात धरले की परत सरळ होतात. टोकं गरम करून ओढायची, फिरवून बसवायची, नख लावायचं, परत ओढायची. खुशबूनं कापणीला सुट्टी मारली. तिला मी सगळं खरं सांगितलं. ती हसायला लागली आणि मग थांबली, आणि आतल्या खोलीकडे पाहत म्हणाली, "आजाले नका सांगू. मरन तो."

दोन बाणांच्या नळीला चीर निघाली, वाकवले की कटकट आवाज येतो. ते मारायचे नाहीत, हातात फुटतील. तीन कितीही केले तरी डुलतात. चार सरळ झाले. चार.

१८ नोव्हेंबर

कागदावर चार बाण, नंबर घालून. एक गोल भोक, तीन चिरा. एक गोल भोक, तीन चिरा. चारही तसेच. खुशबूनं तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला.

पण निवडीत एका फेरीला सहा बाण लागतात, एकसारखे. चारनं होत नाही. असले बाण गोंदियाला मिळत नाहीत, नागपूरहून यायला दिवस उरले नाहीत. दुर्गाप्रसाद सरांना फोन केला, त्यांच्याकडचे सगळे जाड.

मग रोशनचे तीन आठवले. याच डझनातले.

त्याला आवाजाचा मेसेज पाठवला, पाच मिनिटांचा. मी बोलायला लागलो की थांबत नाही. सगळं सांगितलं. चूल, गोंद, पंख. पाण्यात कसे धरायचे, टोक कसं ओढायचं. कोणीतरी येत असेल त्याच्याजवळ दे, म्हणालो. आणि सांगितलं की तुझ्या वेळीही ते चुलीवरच होते, तेव्हा तुझा हात खराब नव्हता बे, बाण खराब होते. आजाला कळू देऊ नको.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१९ नोव्हेंबर

उत्तर नाही. फोन लावला, वाजतो, उचलत नाही. रागावला असेल. त्या बाणांना हात लावू देत नव्हता आणि मी सरळ मागितले. माझं चुकलं बहुतेक.

आबाजी आज माझ्याजवळ बसले. खिळ्यांवर बाण फिरवून पाहिला, नख लावलं. डुलणारा उचलून फिरवला, मग सरळ झालेला. खूप वेळ. म्हणाले, "रोशनच्या वक्ती बी हे धुरातच होते."

मी म्हणालो, "त्याचं वेगळं होतं, आबाजी."

"काय वेगळं?"

मी म्हणालो, "वारा होता त्या दिवशी."

"वारा," ते म्हणाले. आणि उठले.

बरं झालं निभावलं.

२० नोव्हेंबर

आबाजी जेवले नाहीत. हिव लागलं असेल, सकाळी दव पडतं आता. दुपारी त्यांनी आतून आपल्या बापाचे बांबूचे बाण काढून आणले, काळे कुळकुळीत, आणि गाईच्या गोठ्यात नेऊन ठेवले. काकी म्हणाल्या, "मामाजी, तथी कायले? कीड लागन." ते म्हणाले, "लागू दे." म्हाताऱ्या माणसांना काहीही सुचतं. हिवाळ्याची आवराआवर असेल.

खुशबूनं चार बाण पन्नास मीटरवर मारले. चारही पिवळ्यात, हाताच्या पंजाखाली झाकतील एवढे. एरवी ती ओरडली असती. गप्प जाऊन काढून आणले. दोन बाण नाहीत म्हणून सगळं अडलेलं, हे पाहण्यापेक्षा गवतात शोधणं बरं होतं.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ

उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं. डुलणाऱ्या तिनातले त्यातल्या त्यात बरे दोन निवडले, पाच आणि सहा नंबर घातले. पाचवा डावीकडे जाईल, सहावा कुठंही. मी खुशबूला सांगितलं, पाचवा मारताना उजवीकडे धर. ती म्हणाली, "आन सहावा?" मी म्हणालो, "सहावा देवाचा." ती म्हणाली, "आमचे देव आतल्या खोलीत हायेत, भाऊ, ते गोंदियाले येत नाई."

काकींनी तिचे कपडे दोन ढिगांत घडी घालून ठेवले आहेत. एक केंद्रासाठी, एक राजनांदगावसाठी. कुठंही गेली तरी सगळेच कपडे जाणार, पण ढीग दोन.

माझं इथलं काम संपलं. थकलो आहे, पण सोमवारचं नाव घेत नाही आता. बापाला फोन करून विचारावं म्हणतो, नखाची गोष्ट त्याला कोणी शिकवली. करीन. उद्या.

गोंदियाहून येणारी गाडी आत्ता शिटी देऊन गेली. स्टेशनच्या वाटेनं कोणीतरी येऊन राहिलं आहे, खांद्यावर लांब काहीतरी, कपड्यात गुंडाळलेलं. मला आधी वाटलं जंगल खात्याचा गार्ड, म्हणून धनुष्य लपवायला उठलो. पण घरचं कुत्रं भुंकलं नाही. उठलं आणि पळत सुटलं.

खुशबूच्या हातातली बादली अंगणात सांडली. काकी दारात उभ्या, हाताला पीठ. तो कुंपणाजवळ येऊन थांबला आहे, खांद्यावरचा टॉवेल खाली घेतला आहे, आत पाय टाकत नाही. हैदराबादच्या भिंतीवरचाच तो टॉवेल.

आबाजी खाटेवर, त्याच्याकडे पाठ करून. मलाच म्हणाले, हळू, "विचार त्याले, जेवला का."

वही ठेवतो. रोशन आला आहे.